बोट बाहेर!

पडद्यावर बंदूक चालवणारा माणूस साऱ्या देशाला ठाऊक असतो. त्याला ती धरायला शिकवणारा माणूस कोणालाच ठाऊक नसतो, आणि ‘आपल्याला त्याचं काय बी वाटत न्हाई’ हे तो दिवसातून निदान चार जणांना गाठून सांगतो. मुंबईच्या चित्रपटधंद्यात या माणसांची एक स्वतंत्र जात आहे. मिशा वेगवेगळ्या, पण मिशीमागचा माणूस एकच. सेटवर त्याला सगळे ‘उस्ताद’ म्हणतात. लष्करात हत्यार शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणायची रीतच आहे. सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर पेन्शनीखेरीज तेवढंच एक नाव त्याच्यासोबत बाहेर आलेलं असतं, आणि ते तो इस्त्री करून वापरतो.

मी हिंदी चित्रपटांचे संवाद लिहितो. म्हणजे उस्तादाच्या हिशेबी मी गुन्हेगार आहे. चुकीच्या पद्धतीनं बंदूक धरणारा नट हा अडाणी, पण ती चूक कागदावर लिहून देणारा मी हा मूळ सूत्रधार, असं त्याचं मत. तरीही माझ्याशी तो मोकळेपणानं बोलतो, कारण साऱ्या युनिटमध्ये त्याचं साताऱ्याकडचं मराठी ऐकून घेणारे दोघंच: स्पॉटदादा आणि मी. आणि स्पॉटदादाला कामं असतात.

गाव विचारलं की तो सातारा जिल्हा सांगतो, पलटण विचारली की बेळगाव, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री. ताठ बसतो. खुर्चीला पाठ कशासाठी दिलेली असते हे त्याला अजून उमगलेलं नाही. अंगात एखाद्या पडलेल्या चित्रपटाच्या नावाचा टी-शर्ट असतो, कारण चाललेल्या चित्रपटांचे टी-शर्ट त्याच्यापर्यंत पोचायच्या आत संपतात. गळ्यात शिट्टी. हातात घड्याळ, पाच मिनिटं पुढे. ‘कॉल टाइम’ सकाळी सातचा असेल तर तो पावणेसातला सेटवर असतो आणि अकरा वाजता हिरो येईपर्यंत उभ्यानं त्याची वाट पाहतो. ती वाट पाहणं बघवत नाही.

ही माणसं या धंद्यात शिरतात ती बहुधा फाटकातून. निवृत्तीनंतर अंधेरी-ओशिवऱ्याकडच्या एखाद्या सोसायटीत सुरक्षा अधिकारी म्हणून लागायचं. त्या सोसायटीत कुणीतरी निर्माता राहत असतोच. त्याच्या चित्रपटात कमांडो असतो. कमांडो झालेल्या नटानं रायफल खांद्याऐवजी काखेत दाबलेली फोटोत दिसते, आणि निर्मात्याला आठवतं की खाली फाटकावर एक माणूस रोज सलाम ठोकतो, तो खराखुरा फौजी आहे. दुसऱ्या दिवशी फाटकावर नवा माणूस आणि आपले सुभेदार वर्सोव्याच्या आराम नगरमधल्या तालमीच्या हॉलमध्ये.

हॉलमध्ये शिरल्यावर त्याची पहिली आज्ञा असते ती चादरी आणण्याची. हे हॉल नाचाच्या तालमींसाठी बांधलेले, त्यामुळे भिंतभर आरसे. उस्ताद सगळे आरसे झाकून घेतो. ‘आवो, आरसा असला की हिरो नेम सोताच्याच तोंडावर धरतो,’ असं तो सांगतो, आणि यात शास्त्र किती अन् टीका किती हे मला अजून कळलेलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘कोत’. पलटणीत हत्यारं ठेवायची जागा ती कोत. उस्तादाची कोत ही एक हिरवी पत्र्याची ट्रंक आहे, दोन कुलपं लावलेली. आतल्या बंदुका बहुतेक डमी: काही रबराच्या, काही लाकडाच्या, दोन-तीन गॅसवर चालणाऱ्या एअरसॉफ्ट. यांतून सुटते ती सहा मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी. तरी ट्रंकेसोबत एक रजिस्टर असतं आणि रबरी पिस्तूलही सहीशिवाय हातात मिळत नाही. घेतल्याची वेळ, परत दिल्याची वेळ, सही. एका मोठ्या नटानं सवयीनं ‘विथ लव्ह’ लिहून खाली लफ्फेदार सही ठोकली. उस्तादानं रजिस्टर परत त्याच्यापुढे सरकवलं. ‘सर, लव्ह काट दीजिए. टाइम डालिए.’

आता तुम्हाला वाटेल, एवढा सरंजाम झाल्यावर तरी हा गोळीबार शिकवत असेल. तर तसं नाही. पहिले दोन दिवस तो फक्त एक बोट शिकवतो. उजव्या हाताची तर्जनी. ती ट्रिगरवर ठेवायची नाही. ट्रिगरच्या वर, बंदुकीच्या अंगाशी सरळ टेकवून ठेवायची. नेम धरला, गोळी मारायचं ठरलं, की मगच आत. हे ऐकायला सोपं आहे. पण बंदुकीची मूठ हातात आली की माणसाचं बोट आपणहून ट्रिगरवर जाऊन बसतं, कारण बनवणाऱ्यानं ती जागाच मुळी बोटासाठी घडवलेली असते. त्यामुळे हॉलमधून दिवसभर एकच गर्जना ऐकू येते. हिंदी नट असला तर ‘उंगली बाहर!’ आणि मराठी असला तर ‘बोट भाईर!’ शेजारच्या हॉलमध्ये कथ्थक शिकणाऱ्या मुलीसुद्धा दचकून तर्जनी सरळ करतात. आठवड्याभरात नटाला हे इतकं अंगवळणी पडतं की तो चहाचा कपही एक बोट ताठ ठेवून धरतो, आणि युनिटमध्ये अफवा उठते की साहेबांच्या बोटाला काहीतरी झालंय.

उस्तादाकडे येणारे शिष्य तीन प्रकारचे.

पहिला स्टार. तो दोन तास उशिरा येतो आणि सोबत सात माणसं आणतो, त्यांतला एक केवळ मोबाइलवर चित्रण करण्यासाठी. कारण हल्ली प्रशिक्षण झालं हे महत्त्वाचं नसतं, ते चालू असताना दिसलं हे महत्त्वाचं असतं. स्टारला सगळं आधीच येत असतं. त्यानं आजवर पडद्यावर शेकडो माणसं मारलेली असतात. तो पिस्तूल हातात घेतो आणि बोटाभोवती गरकन फिरवतो. बरोबरची सातही माणसं टाळ्या वाजवतात.

‘सर, ये घुमाना बाद में,’ उस्ताद म्हणतो. ‘पहले बताइए, भरी है कि खाली?’

‘आपने दी है उस्ताद, तो खाली ही होगी!’

उस्ताद हात पुढे करतो, पिस्तूल परत घेतो, मॅगझिन काढतो, वरची सरकती स्लाइड मागे ओढून आत बघतो, बोट घालून चाचपतो, ट्रंकेत ठेवतो, दोन्ही कुलपं लावतो आणि रजिस्टरमध्ये वेळ टाकतो. ‘आज का सबक हो गया, सर. कल आइए.’ स्टारला वाटतं आपल्याला लवकर सोडलं, म्हणून तो खूश होऊन जातो.

दुसरा प्रकार पुण्याहून येतो. प्रायोगिक रंगभूमी, खांद्याला झोळी, झोळीत वही. त्याला बंदूक चालवायची नसते, समजून घ्यायची असते. ‘उस्ताद, या पात्राचं बंदुकीशी नेमकं नातं काय असेल?’

‘भाडेकरूचं,’ उस्ताद सांगतो. ‘पॅकअपला परत.’

नट हेही वहीत लिहून घेतो. दुसऱ्या दिवशी तो हळूच विचारतो, पात्रात शिरण्यासाठी ही डमी रात्री घरी नेली तर चालेल का. उशाखाली ठेवून झोपावं म्हणतो. यावर उस्ताद त्याला खाली बसवून शांतपणे समजावतो. ‘ही डमी हाय ह्ये तुमाला ठावं. शेजाऱ्याला ठावं न्हाई. त्यो खिडकीतनं बगंल आन् पोलिसांना फोन करंल. आन् पोलीस येतील ना, त्ये डमी घेऊन येत न्हाईत.’ त्या दिवसापासून नटाचा अभिनय सुधारला, असं दिग्दर्शकाचं म्हणणं. डोळ्यांत खरी भीती दिसायला लागली.

तिसरा प्रकार म्हणजे नायिका, आणि उस्तादाच्या मते खरा शिष्य हाच. ती वेळेवर येते, कारण तिला वाट पाहायला लावणारे बरेच असतात, वाट पाहणारं कोणी नसतं. ती सांगितलेलं ऐकते. तिला आधीपासून काहीच येत नसल्यामुळे विसरायचंही काही नसतं. तिसऱ्या दिवशी तिची पकड, उभं राहणं आणि श्वास तिन्ही जागेवर. अशा वेळी उस्तादाला कोल्हापूर जिल्ह्याचा अभिमान दाटून येतो, स्वतः साताऱ्याचा असूनही. तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला नेमबाजीचं जागतिक विजेतेपद मारलं, राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण आणलं, आणि स्वप्नील कुसाळे २०२४ला पॅरिसहून ५० मीटर रायफलचं कांस्य घेऊन राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीत उतरला. ‘बगा त्या स्वप्नीलकडं. रेल्वेत नोकरी, तोंडावरची रेष हालत न्हाई, आरडाओरडा न्हाई. नेम म्हंजे लई गप्प काम हाय. आन् तुमचा हिरो? गोळी मारायच्या आदी पानभर बोलतो.’ ते पान मी लिहिलेलं असतं. राहिली नायिका. तिच्या दोन प्रसंगांपैकी एक कापला जातो, आणि उरलेल्यात तिनं थरथरत्या हातानं पिस्तूल फेकून देऊन रडायचं, असं दिग्दर्शक ठरवतो. तीन दिवस शिकवलेली पकड फुकट. त्या दिवशी उस्ताद जेवत नाही.

शिक्षणातला सर्वांत चिवट शत्रू म्हणजे पापणी. आवाज झाला की ती मिटते. ते शरीराचं काम आहे, त्याला मेंदूची परवानगी लागत नाही. पण कॅमेरा अगदी नाकासमोर असतो आणि दहशतवाद्यांचा काळ असलेला आपला नायक दर गोळीला गच्च डोळे मिटताना पडद्यावर दिसतो. यावर उस्तादाचा उपाय दिवाळीतला आहे. तो बाजारातून लाल टिकल्यांची रिळं वर्षभराची एकदमच भरून ठेवतो. मुलांची टिकल्यांची बंदूक घ्यायची, नटाच्या बाजूला हातभर अंतरावर उभं राहायचं, आणि तो संवाद म्हणत असताना मध्येच फट्ट! पापणी हलली की संवाद पहिल्यापासून. पहिल्या दिवशी पापणी प्रत्येक टिकलीला हलते. मग फक्त पहिल्या टिकलीला. मग कधीतरी ती जागच्या जागी राहते, आणि नट स्वतःच चमकून विचारतो, ‘वाजली का?’ कोट्यवधींच्या चित्रपटातल्या नायकाचा पोलादी कटाक्ष म्हणून ज्याचं समीक्षक कौतुक करतात, त्याची किंमत एक रीळ टिकल्या.

बोट आणि पापणी झाली की अंगठा. पिस्तूल दोन हातांनी धरायचं तर नवशिका डाव्या हाताचा अंगठा उजव्या पंजावरून मागे टाकतो, बरोबर स्लाइडच्या वाटेत. गोळी सुटली की स्लाइड मागे येते, आणि ती यायला वेळ लावत नाही. हे उस्ताद बोलून दाखवत नाही. तो एक केळं मागवतो. केळं अंगठ्याच्या जागी धरतो आणि गॅसचं पिस्तूल एकदा चालवतो. मग केळं नटाच्या हातात. पिवळ्या सालीवर दोन समांतर रेघा उमटलेल्या असतात, पट्टी धरून मारल्यासारख्या. ‘ही गॅसची. खऱ्या पिस्तुलाला केळ्याजागी तुमचा अंगठा धरा, आन् मग मोजा.’ नट दोन्ही अंगठे बंदुकीच्या डाव्या अंगाला पुढे, एकावर एक नेऊन ठेवतो आणि पुन्हा आयुष्यात हलवत नाही. केळं स्पॉटदादा खातो.

आता माझ्यावरच्या आरोपपत्राकडे वळतो. संहिता हातात आली की उस्ताद चष्मा लावतो आणि लाल पेन काढतो. मी लिहिलं होतं: ‘नायक ग्लॉक काढतो. सेफ्टी सरकवतो. क्लिक!’ ग्लॉकला अंगठ्यानं सरकवायची सेफ्टीच नसते आणि बाहेर दिसणारा हॅमरही नसतो. ‘मग क्लिक झाला कुटनं?’ मी साउंडवाल्याकडे बोट दाखवलं. साउंडवाला म्हणाला, ‘आम्ही टाकतो. नाही टाकला तर प्रेक्षकांना बंदूक बिघडली वाटते.’

मी लिहिलं होतं: ‘एके-४७मधून अखंड गोळीबार करत नायक बोलतो.’ आणि खाली नायकाचं भाषण. उस्तादानं समासात गणित मांडलं. मिनिटाला सहाशेचा वेग, म्हणजे सेकंदाला दहा. मॅगझिनमध्ये तीस. ‘तीन सेकंदांत खलास. तेवढ्यात तुमचा हिरो “मेरे देश की” पातुर पोचतो. मिट्टी ऱ्हाते.’ मी लिहिलं होतं: ‘गोळी लागताच खलनायक उडून काचेवर आदळतो.’ उस्तादाचा शेरा: जेवढा धक्का समोरच्याला, तेवढाच मारणाऱ्याला. तो उडाला तर हाही उडाला पाहिजे. दोघांना दोन काचा लावा. मी लिहिलं होतं: ‘नायक सोफ्याआड दबा धरतो.’ शेरा: सोफ्यात कापूस असतो. ‘नायक गाडीच्या दाराआड लपतो.’ शेरा: दार पत्र्याचं, लपायचं तर इंजिनामागं. आणि माझा आवडता प्रसंग: बंद लिफ्टमध्ये नायक चार गोळ्या झाडतो आणि लगेच नायिकेच्या कानात कुजबुजतो, ‘मैं हूँ ना.’ शेरा: चार खोल्यांपलीकडं ऐकू जाईल एवढ्यानं वरडला तरी तिला ऐकू येणार न्हाई. कानात शिट्टी वाजत असंल.

या छळाचं कारण म्हणजे उस्तादाची दैवतं. ती सगळी त्याच्या मोबाइलमध्ये आहेत आणि जेवणाच्या सुटीत तो त्यांचं दर्शन सर्वांना घडवतो. एक म्हणजे अमेरिकी मरीन्समधून निवृत्त झालेले कॅप्टन डेल डाय. ऑलिव्हर स्टोनच्या ‘प्लॅटून’साठी, १९८६चा चित्रपट तो, या माणसानं नटांना फिलिपाइन्सच्या जंगलात दोन आठवडे डांबलं, खंदक खणायला लावले आणि रात्री झोपू दिलं नाही. पडद्यावर ते जे थकलेले दिसतात ते थकलेलेच आहेत. पुढे ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’च्या वेळी याच कॅप्टनच्या छावणीत नट इतके वैतागले की पळून जायचं ठरवत होते, टॉम हँक्सनं थोपवलं. दुसरं दैवत ‘हीट’मधला १९९५चा रस्त्यावरचा गोळीबार. ब्रिटिश एसएएस कमांडो दलातल्या अँडी मॅकनॅबनं शिकवलेलं, आणि त्यात व्हॅल किल्मर झटक्यात मॅगझिन बदलतो ती जागा. उस्ताद ती जागा थांबवून, मागे नेऊन, पुन्हा दाखवतो. ‘हात बगा. डोळं बगू नका, हात बगा.’ तिसरं दैवत ‘जॉन विक’. कियानू रीव्ह्ज कॅलिफोर्नियात सिमी व्हॅलीला टॅरन बटलरच्या रेंजवर खऱ्या गोळ्यांनी सराव करायचा. ‘गोळ्या संपल्या की त्यो थांबून भरतो. हिरो असून भरतो!’ हे सांगताना त्याचा गळा दाटतो.

आणि घरचं दैवत एकच: नाना पाटेकर. १९९१च्या ‘प्रहार’साठी नानानं बेळगावात कमांडोंचं प्रशिक्षण घेतलं, आणि १९९९ला कारगिल पेटल्यावर तो जवानांच्या सोबतीला आघाडीवर गेला. बेळगाव म्हणजे उस्तादाची पलटण, त्यामुळे या कथेत तो स्वतःही कुठेतरी कोपऱ्यात उभा असतो. किती कोपऱ्यात, ते ऐकणाऱ्यावर अवलंबून.

या कथा ऐकून निर्माता भारावतो. ‘वा उस्ताद! हमें भी ऐसा ही चाहिए. कितना टाइम लगेगा?’

‘दो हफ्ते, सर.’

‘हीरो के पास दो घंटे हैं. मंगलवार को.’

पण मोबाइलमध्ये आणखी एक फोल्डर असतं आणि ते तो जेवणाच्या सुटीत उघडत नाही. ते उघडतं हत्यारासह पहिल्या तालमीच्या दिवशी, सर्वांना जमिनीवर बसवून. स्पॉटदादा, मेकअपदादा, असिस्टंट, सगळे. ३१ मार्च १९९३, विल्मिंग्टन, ‘द क्रो’चं चित्रीकरण. ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन. आधीच्या एका दृश्यासाठी खऱ्या काडतुसांतली दारू काढून डमी बनवली होती, पण बुडाची टोपी तशीच जिवंत राहिली. तिच्या धक्क्यानं गोळीचं टोक सुटून नळीत अडकलं. कोणी नळीत पाहिलं नाही. पुढच्या दृश्यात त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरलं गेलं, म्हणजे गोळी नाही पण दारू पुरेपूर. दारूनं अडकलेलं टोक पुढे लोटलं. त्याआधी १९८४ साली जॉन-एरिक हेक्सम नावाच्या नटानं कंटाळा घालवायला ब्लँक भरलेली बंदूक गमतीनं स्वतःच्या कानशिलावर टेकवून ओढली होती. ब्लँकमध्ये गोळी नसते, पण जळत्या दारूचा झोत असतो, आणि टेकवून ओढलं तर तोच पुरतो. आणि २१ ऑक्टोबर २०२१, न्यू मेक्सिको, ‘रस्ट’. बंदूक रिकामी आहे असं सांगून नट ॲलेक बाल्डविनच्या हातात दिली होती. आत खरी गोळी होती. कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या छायाचित्रकार हलिना हचिन्स गेल्या. बाल्डविनवरचा खटला २०२४मध्ये न्यायालयानं काढून टाकला; सेटवरची हत्यारं सांभाळणाऱ्या मुलीला मात्र दीड वर्षाची शिक्षा झाली.

‘ती पोर म्हंजे मी,’ उस्ताद एवढंच म्हणतो. ‘माजं काम त्येच.’

त्यानंतर तो खिशातून औषधाची रिकामी डबी काढतो. तिच्यात डमी काडतुसं असतात, दिसायला अगदी खरी, टोकासकट. क्लोजअपमध्ये हिरो मॅगझिन भरतो तेव्हा लागतात. उस्ताद एकेक काडतूस चिमटीत धरून कानाशी नेतो आणि हलवतो. आत दारूऐवजी लोखंडी छर्रा असतो, तो खुळखुळतो. खुळखुळलं तर डमी. नाही खुळखुळलं तर बाजूला, मग कोणी कितीही शपथ घेवो. मग तेच काडतूस नटाच्या हातात. त्यानंही कानाशी नेऊन ऐकायचं. मग असिस्टंटनं. ज्या दिवशी स्टार कुणी न सांगता काडतूस कानाशी नेतो, त्या दिवशी उस्ताद रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे बारीकशी बरोबरची खूण करतो. तेवढंच प्रमाणपत्र.

आणि मग चित्रीकरणाचा दिवस येतो. फिल्मसिटीत गोदामाचा सेट, धूर सोडलेला. हिरो दारातून शिरतो. पकड बरोबर, पाय बरोबर, नळी खाली, डोळे उघडे आणि बोट बाहेर. उस्ताद मॉनिटरमागे उभा राहून श्वास रोखतो. शिकवलेलं सगळं एकदम पडद्यावर!

‘कट!’ दिग्दर्शक ओरडतो. ‘सर, उंगली ट्रिगर पर रखिए ना! डेंजर नहीं लग रहा.’

‘डेंजर न लगे, इसीलिए तो...’ उस्ताद सुरुवात करतो. पण दिग्दर्शकाला अजून एक हवं असतं: दर वाक्याआधी हिरोनं स्लाइड ओढून खटॅक आवाज करायचा. उस्ताद समजावतो की भरलेल्या पिस्तुलाची स्लाइड ओढली की आतली चांगली गोळी बाहेर पडते. चार वाक्यं म्हणजे चार गोळ्या जमिनीवर. दिग्दर्शक म्हणतो, ‘तो सही है! गोलियाँ गिरती दिखाओ, स्लो मोशन में.’ शेवटी तह होतो. बोट आत जाईल ते फक्त गोळी सुटण्याच्या क्षणी. खटॅक एकदाच. ज्वाळा नळीतून न काढता नंतर संगणकावर काढायची. ‘रस्ट’नंतर अमेरिकेत ‘द रूकी’सारख्या मालिकेनं सेटवरून खऱ्या बंदुका हद्दपार करून एअरसॉफ्ट आणि संगणकावरच भागवायचं ठरवलं, हा दाखला उस्ताद इथे बाहेर काढतो, आणि ज्वाळा नंतर काढली की काडतुसांचा खर्च वाचतो हेही सहज बोलून जातो. दिग्दर्शकाला पहिला मुद्दा पटत नाही, निर्मात्याला दुसरा लगेच पटतो.

घरीही त्याचं यापेक्षा वेगळं नाही. नातवाला दिवाळीत टिकल्यांची बंदूक मिळते ती सही केल्यावर. कुणावर रोखायची नाही, आजीवर तर नाहीच, आणि खाली ठेवताना रीळ काढायचं. नातू सहा वर्षांचा आहे. गावातल्या बाकीच्या पोरांची बंदूक धनत्रयोदशीलाच मोडते, याची तुळशीच्या लग्नापर्यंत टिकते. टीव्हीच्या रिमोटसाठी अजून रजिस्टर काढलेलं नाही, पण उस्ताद तो माणसांच्या दिशेला कधी करत नाही. छत्रीचं टोक जमिनीकडे. चित्रपटाला गेला की मध्यंतरापर्यंत नायकाच्या गोळ्या मोजतो, आणि मोजत बसल्यामुळे त्याला गोष्ट कधीच कळत नाही. सुनेनं विचारलं, ‘मामंजी, पिच्चर कसा होता?’ तर उत्तर: ‘तेरा गोळ्यांच्या पिस्तुलातनं एकेचाळीस मारल्या.’

चित्रपट लागतो. नाव अखेरच्या पाट्यांत येतं, केटररच्या खाली, ‘वेपन ट्रेनर’ म्हणून, आडनावात एक अक्षर चुकून. मुलाखतीत स्टार सांगतो की आपण सहा महिने कमांडोंसोबत राहिलो. उस्ताद ती मुलाखत पाहतो. स्टारच्या हातात चहाचा कप आहे आणि तर्जनी सरळ आहे. तो सुनेला हाक मारून फक्त ते बोट दाखवतो.

बिल घेऊन तो निर्मात्याच्या कार्यालयात गेला, तेव्हा माझंही बिल अडकलेलं असल्यामुळे मी बाहेरच्या बाकावर होतो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

‘उस्ताद, पूरे शेड्यूल में कुछ हुआ तो नहीं. किसी को खरोंच तक नहीं आई,’ निर्माता म्हणत होता. ‘फिर इतना पैसा किस बात का?’

‘उसी बात का, सर.’

निर्मात्यानं तीस टक्के कापले. फाइट मास्टरचं बिल मात्र त्यानं पूर्ण दिलं, कारण तिथे दोघांचे हात मोडले होते आणि काम झाल्याचं दिसत होतं. ज्याच्या कामाचा पुरावा म्हणजे काहीच न घडणं, त्याचं बिल आपल्या धंद्यात सगळ्यांत आधी कापलं जातं आणि सगळ्यांत शेवटी चुकतं होतं. खरं तर साऱ्या बजेटमध्ये पैन् पै वसूल झालेली तेवढी एकच रक्कम असते.